जिन्नस आणि त्यांचे मुतालिक

पुणे शहरातील स्वयंपाकघरांचा इतिहास लिहिण्यास कोणी संशोधक कधी प्रवृत्त झालाच, तर त्याने आपल्या ग्रंथाचे पहिले प्रकरण मसाल्यांना अथवा धान्यांना न देता दुपारी एक ते चार या तीन तासांना द्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. या तीन तासांत या नगरीतील दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात, वाणी वामकुक्षीत असतो, आणि दारावरची पाटी गिऱ्हाइकाला मालाविषयी अवाक्षर न सांगता मालकाच्या विश्रांतीविषयी मात्र सर्व काही सांगत असते. आणि नेमक्या याच मुहूर्तावर, पाहुणे दिवाणखान्यात टेकलेले असताना आणि शिऱ्याचा रवा खमंग भाजून झालेला असताना, साखरेच्या डब्याचा तळ दिसू लागतो. इतर शहरांत अशा वेळी मुलाला दुकानात पिटाळतात. पुण्यात डोके चालवावे लागते. अलीकडे काही दुकानदारांनी दुपारीही उघडे राहण्याचे धाडस आरंभिले आहे, आणि दहा मिनिटांत सामान घरपोच आणून देणारी पोरे पेठांच्या बोळांतून दुचाक्या उडवीत असतात, हे मी नाकारीत नाही. परंतु दोन-तीन पिढ्यांनी अडचणीत कमावलेली बुद्धी सोय झाली म्हणून एकाएकी सेवानिवृत्त होत नसते. आता ती डबा भरलेला असतानाही चालते, इतकाच काय तो फरक.

पेशवाईच्या दफ्तरात 'मुतालिक' असा एक हुद्दा आढळतो. मूळ हुद्देदार स्वारीवर असला, आजारी असला, अज्ञान असला किंवा नुसताच सुखासीन असला, म्हणजे त्याच्या वतीने शिक्का चालवून त्याचा कारभार पाहणारा जो इसम, तो मुतालिक. साखरेच्या जागी गूळ, आमसुलाच्या जागी चिंच, खव्याच्या जागी दुधाची पावडर, हे सारे माझ्या लेखी मुतालिकच होत. मुतालिकाने मूळ धन्याला झाकोळून टाकावे ही गोष्ट अपूर्व वाटावी असे हे शहरही नव्हे. छत्रपती साताऱ्यास असताना त्यांच्या प्रधानाची गादी शनिवारवाड्यात कशी नांदली, हे येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तेव्हा काजू परवडत नाहीत म्हणून ज्या शेंगदाण्याची नेमणूक हंगामी म्हणून झाली, तो पुढे आमटीपासून चिक्कीपर्यंत सगळा मुलूख वहिवाटीने बळकावून बसला, याचे पुणेकरास नवल वाटत नाही.

वाड्यांच्या काळी मात्र या मुतालिकांना फारसे काम नसे, कारण तेव्हा उसनवारी होती. वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडे, आणि प्रत्येक बिऱ्हाडाची चूल दुसरीच्या हाकेच्या अंतरावर. 'वहिनी, वाटीभर साखर द्या हो' एवढ्या एका वाक्यावर शिऱ्याची अब्रू राखली जाई. या व्यवहाराचे कायदे अलिखित असले तरी कडक होते. उसनी वाटी रिकामी परत करावयाची नाही, तीत काही नाही तर दोन लिंबलोणच्याच्या फोडी तरी घालावयाच्या, हा एक. आणि नेताना शीग लावून भरलेली वाटी परत येताना सपाट का होते, याचा उच्चार तोंडावर करावयाचा नाही, हा दुसरा. पुढे वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, दारांना लॅच आले आणि त्या दारांवरही 'दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये' अशा पाट्या आल्या. शेजारणीच्या डब्यातली साखर अशी दोन भिंती आणि एका पाटीपलीकडे गेली, तेव्हा गृहिणीला आपल्याच मांडणीवरील डब्यांकडे निराळ्या नजरेने पाहणे भाग पडले.

ही केवळ बायकी तडजोड आहे, तिला शास्त्राधार नाही, असे म्हणणारे पुरुष घरोघर असतात व ते बहुधा जेवणाच्या पाटावर बसून हे मत देतात. त्यांनी जैमिनीची पूर्वमीमांसा चाळावी. तिच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार अत्यंत बारकाईने केलेला आहे. यज्ञासाठी विहित असलेले व्रीही मिळेनात तर कर्म टाकू नये, त्यांच्याशी साम्य असलेले नीवार घेऊन ते पुरे करावे. सोमवल्ली न मिळाली तर पूतीक घ्यावे. पण देवता, अग्नी आणि मंत्र यांना प्रतिनिधी नाही. आणि जे धान्य यज्ञाला निषिद्ध, ते दिसावयास कितीही सारखे असले तरी बदली म्हणून चालत नाही. याहून मार्मिक नियम पुढे आहे. प्रतिनिधीही संपला आणि त्याच्याही जागी काही घ्यावयाचे झाले, तर ते मूळ द्रव्याशी जुळणारे असावे, प्रतिनिधीशी जुळणारे नव्हे. दोन सहस्र वर्षांपूर्वी सांगून ठेवलेल्या या एका नियमाकडे झालेल्या दुर्लक्षामुळे आपल्या आजच्या पाकशाळांत जो अनर्थ माजला आहे, त्याकडे मी शेवटी येणारच आहे.

पूजेत तर प्रतिनिधित्वाची ही सोय आपण नित्य पाहतो. वस्त्र नसेल तर वस्त्रार्थे अक्षता, अलंकार नसतील तर अलंकारार्थे अक्षता, आणि खुद्द गणपतीच्या जागी सुपारी, इथपर्यंत गुरुजींची उदारता अमर्याद असते. दक्षिणेची वेळ आली म्हणजे मात्र अक्षतांचे नाव निघत नाही. मुतालिकाची मर्यादा कोठे संपते, हे यजमानाला याहून स्पष्ट रीतीने कोणी समजावून देत नसेल.

दुधाच्या जागी दुसरे काही देण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महाभारतात आहे, आणि पाकशास्त्राच्या दृष्टीने ते पूर्ण यशस्वी झाले होते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. पाण्यात पीठ कालवून दिलेले ते पेय पिऊन बाल अश्वत्थामा 'मी दूध प्यालो' म्हणून आनंदाने नाचू लागला. अर्थात खाणाऱ्याची तक्रार मुळीच नव्हती. तक्रार पाहणाऱ्याची होती. भोवतालची मुले हसली, बापाच्या जिव्हारी लागले, द्रोणाचार्य जुन्या मैत्रीच्या भरवशावर द्रुपदाच्या दरबारी गेले, तेथे अपमान पदरी पडला, आणि ते वैर थेट कुरुक्षेत्रापर्यंत पोहोचले. बासुंदीत कॉर्नफ्लॉवर लावले आहे हे पंक्ती उठेपर्यंत कोणाला कळू न देण्याची जी दक्षता आमच्याकडे घेतली जाते, तिच्यामागे हा राजकीय अनुभव असावा.

मुतालिकांच्या राज्याचा खरा विस्तार पाहावयाचा असेल तर एकादशीला पाहावा. धान्य वर्ज्य केल्याबरोबर त्याच्या प्रत्येक खात्यावर नवी नेमणूक होते: तांदळाच्या जागी वरी, कणकेच्या जागी राजगिरा आणि शिंगाडा, मोहरीच्या जागी जिरे, डाळीच्या आमटीच्या जागी दाण्याची आमटी. ही व्यवस्था इतकी परिपूर्ण आहे की उपासाचे थालीपीठ, उपासाचा डोसा, उपासाचा बटाटावडा आणि अलीकडे तर उपासाची मिसळही या शहरात राजरोस मिळते. काय सोडले आहे, हे उपास करणाराला पंचांगात पाहून ठरवावे लागते. या सर्वांचा सेनापती जो साबुदाणा, त्याची वंशावळ मात्र कोणी विचारीत नाही. खरा साबुदाणा म्हणजे मलाया आणि इंडोनेशियाच्या बाजूस उगवणाऱ्या एका ताडाच्या गाभ्यातील पिठाचा. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल येणे बंद झाले, तेव्हा तामिळनाडूतील सेलमच्या बाजूला कसाव्याच्या कंदापासून तसेच पांढरे दाणे काढण्याचा उद्योग वाढीस लागला, आणि आपण आज भक्तिभावाने भिजत घालतो तो हा कंदाचा साबुदाणा होय; म्हणजे तांदळाच्या मुतालिकाचा हा मुतालिक. कसावा अमेरिका खंडातला, बटाटा तिकडचाच, शेंगदाणा आणि मिरचीही तिकडच्याच. पोर्तुगीजांची गलबते जर वाटेत बुडाली असती तर आषाढी एकादशीच्या खिचडीत जिरे, मीठ आणि तूप एवढेच उरले असते. इतक्या परकीयांना सोवळ्यात घेणाऱ्या घरांतून कोथिंबीर उपासाला चालते की नाही यावर मात्र अद्याप एकमत नाही. काही घरांत चालते, काही घरांत चालत नाही, आणि अशा दोन घरांत सोयरीक झाली म्हणजे पहिल्या एकादशीला सुनेचे आणि सासूचे जे संभाषण होते, त्यात 'आमच्याकडे' या शब्दाचे वजन किलोने मोजावे.

चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ आणि कांद्याची भाजी एकाच पानात वाढून चार महिन्यांची बेगमी करण्याची प्रथा आहे. त्यानंतर खमंगपणाचा कारभार हिंगाकडे जातो. बाजारात मिळणारा हिंग गव्हाच्या पिठात आणि डिंकात बांधलेला असतो, त्यामुळे त्याला स्वतःला मात्र उपासाच्या दिवशी प्रवेश नाही.

साऱ्या मुतालिकांत सर्वांत अधिक गाजला तो तुपाचा, म्हणजे वनस्पती. १९३७ साली हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा 'डालडा' बाजारात आला आणि पिवळ्या डब्यावरील हिरव्या ताडाच्या चित्रासह त्याने मध्यमवर्गीय घरांत ठाण मांडले. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते थिजवावयाचे, की दिसावयास ते तुपासारखे रवाळ होते, ही त्यामागील विद्या. आणि दिसण्यातील हेच साम्य सरकारच्या काळजीचे कारण झाले. तूपवाल्यांनी तुपात वनस्पती मिसळले तर ओळखावयाचे कसे? म्हणून वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल असलेच पाहिजे, असा कायदा झाला. तिळाच्या तेलाचा गुण असा की साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या संगतीत ते गुलाबी रंग देते. तेव्हा संशयित तुपाचा नमुना नळीत घालून हलवावा, आणि तो लाजला तर गुन्हा शाबीत. मुतालिकाच्या खिशात त्याच्या नकळत असा ओळखीचा बिल्ला शिवून ठेवणाऱ्या त्या अज्ञात कायदेपंडिताबद्दल मला अत्यंत आदर आहे. गृहिणींची पद्धत याहून साधी होती. लाडू वनस्पतीचे असले तर टाळूला चिकटतात, हे त्या पहिल्या घासाला ओळखीत, चेहऱ्यावर काही दिसू देत नसत, आणि घरी परतताना फाटकाबाहेर पडल्यावर सांगत. वनस्पतीचा जमाना आता ओसरला. त्याचा रिकामा डबा मात्र पुष्कळ दिवस गच्चीवर तुळस घेऊन उभा होता.

नानकटाईचे प्रकरण मला वैयक्तिक जिव्हाळ्याचे आहे. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत घेऊन बेकरीत जावयाचे, तेथील कारागिराकडून मळून, थापून, भट्टीत भाजून घ्यावयाचे आणि किलोमागे मजुरी मोजावयाची, ही पद्धत पुण्यातील अनेक घरांत होती व क्वचित अजून आहे. घरातील एक बाई बेकरीतील स्टुलावर ठिय्या मारून बसे. तिची नजर कारागिराच्या हातावरून हलत नसे, कारण आपले साजूक तूप शेजारच्या परातीतल्या वनस्पतीवाल्यांच्या मैद्यात जाईल, ही शंका तिच्या मनातून प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही काढता आली नसती. कारागीर बिचारा कोपरापर्यंत पिठात असे; तो तूप आणि साखर तळहाताने घाशीत राही, मिश्रण पांढरे आणि हलके होई, मग मैदा, मग वेलदोडा, मग गोळे, आणि प्रत्येक गोळ्यावर अंगठ्याचा दाब. सुरतेत डच लोकांच्या भट्टीतून निघणाऱ्या पावात ताडी पडत असे. ती व अंडे दोन्ही गिऱ्हाइकांना चालेनात, म्हणून ती वगळता वगळता नानकटाई जन्माला आली, असे सांगतात. गोव्यातील पोदेर मात्र पावाचे पीठ माडाच्या सुरेनेच फुगवीत, आणि त्या पावाला देशावरच्या कर्मठांनीही कालांतराने क्षमा केली.

केकच्या बाबतीत क्षमेचा प्रश्न बिकट होता, कारण अंडे. लष्कर भागात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून असलेल्या कयानी बेकरीच्या दारात श्रुसबेरी बिस्किटांसाठी रांग लावण्यास पेठांतील मंडळी मागेपुढे पाहत नाहीत. पण घरातल्या ओट्यावर अंडे फोडणे ही गोष्ट निराळी. अंड्याचा मुतालिक शोधणे अवघड अशासाठी की केकमध्ये त्याच्याकडे एकच खाते नसते. त्यातील पांढरे हवा धरून ठेवते, उष्णतेने गोठून केकचा सांगाडा उभा करते. पिवळ्यातील लेसिथिन तेल आणि पाणी या दोन भाऊबंदांना एकत्र नांदविते. इतका कारभार एकटा कोण सांभाळणार? म्हणून त्याचे वाटे पाडले गेले. एका अंड्यामागे साधारण पाव वाटी दही, हवेसाठी खाण्याचा सोडा, आणि घट्टपणासाठी डब्यातले आटवलेले गोड दूध. सोड्याला आंबटाची सोबत लागते. तो दह्याला भेटला की तत्क्षणी फसफसू लागतो, आणि ते बुडबुडे कोणाच्या शोधाशोधीसाठी थांबत नाहीत, म्हणून भांडे त्याच मिनिटाला गरम कुकरात गेले पाहिजे. हा कुकर म्हणजे भट्टीचा मुतालिक: शिट्टी आणि रबर काढलेला, तळाशी वाळू पसरलेला, आत पाण्याचा थेंब नाही. बेकिंग पावडर संपली असेल तर चमचाभर पावडरीऐवजी पाव चमचा सोडा व अर्धा चमचा लिंबाचा रस, हेही आता पुण्यात सर्वतोमुखी आहे. सोडा मात्र हात आखडून घालावा. तो अधिक झाला की केकला साबणाची चव येते. आणि ढोकळ्यासारख्या पदार्थात हळद असली तर तिचे लालभडक ठिपके उठून, मुतालिकाने अधिकाराचे अतिक्रमण केल्याची फिर्याद सर्वांसमक्ष पृष्ठभागावर दाखल होते.

असा केक कापला गेला म्हणजे हमखास ऐकू येणारी वाहवा अशी: "अंड्याचा वास अजिबात नाही हो आला!" अंडेच नसताना वास न आल्याचे श्रेय घेणारी सुगरण त्यावर विनयाने मान खाली घालते.

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले. त्यांनी मापे वाटी आणि चमच्याची दिली, आणि नव्या संसाराची मोठीच सोय केली. पण जुन्या घरातली त्याची प्रत हाती आली तर छापील मजकुरापेक्षा समासातील पेन्सिल वाचावी. 'साखर निम्मी', 'खवा नको, पावडर चालते', 'ह्यांना आवडले नाही', 'कैरी नसल्यास आमचूर', अशा शेऱ्यांनी ती पाने भरलेली असतात. अशा प्रतीवर मुलींमध्ये वाटणी होताना भांडण होते. दागिन्यांवर होते त्याहून ते थोडेच सौम्य असते.

ही विद्या समुद्रापारही गेली. परदेशस्थ भाच्या रिकोटा चीज आटवून त्याचा खवा करतात, श्रीखंडाला तिकडचे घट्ट दही वापरतात, आणि पुण्यात मध्यरात्री फोन करून विचारतात, "मावशी, चक्का टांगायलाच हवा का गं?" मावशी झोपेतही नाही म्हणत नाही, टांगलाच पाहिजे, असे सांगते. आणि इकडे उलटी गंगा वाहते आहे. साखर रेशनवर मिळे त्या दिवसांत पाहुण्यापुढे गुळाचा चहा ठेवताना यजमानीण ओशाळी होत असे. आता त्याच चहासाठी चौकाचौकांत स्वतंत्र दुकाने निघाली असून तेथे रांगा लागतात. गुळाच्या अंगच्या आंबटपणाने उकळते दूध फाटते, म्हणून चहा उतरवल्यावर दूध वरून घालावयाचे, ही टंचाईच्या काळातली युक्ती तेथील पोरे आता कसब म्हणून दाखवितात. वरी-नाचणीचेही तेच. गरिबाची म्हणून ज्यांना पंक्तीत कधी जागा मिळाली नाही, त्या भरडधान्यांच्या नावाने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे सबंध वर्ष साजरे केले, आणि आमच्या इमारतीतल्या काकूंनी ते मनावर घेतले.

काकूंनी गेल्या दिवाळीत पाठविलेल्या नानकटाईकडे जैमिनीने अवश्य पाहावे. मैद्याच्या जागी प्रथम कणीक आली होती, म्हणून कणकेच्या जागी नाचणी. साजूक तुपाच्या जागी एके काळी वनस्पती होते, म्हणून आता त्याच्या जागी तेल. साखरेच्या जागी गूळ, आणि गूळही शेवटी साखरच असे डॉक्टर म्हणाले म्हणून गुळाच्या जागी खजूर. प्रत्येक पायरीवर साम्य पाहिले होते, पण ते मागच्या मुतालिकाशी. आणि मूळ नानकटाईशी नाते सांगणारी एवढी एकच गोष्ट त्या ताटलीत उरली होती, ती म्हणजे वरचा वेलदोडा. चव वाईट नव्हती. काकू दारातच उभ्या राहून आमच्या मुद्रा न्याहाळीत होत्या.

"छान झालीय हो," आमच्या मातोश्री दुसरी उचलीत म्हणाल्या, "पण उद्या चतुर्थी. नाचणी नाही ना चालायची उपासाला?"

"त्यात काय, नाचणीऐवजी राजगिरा घालते," काकूंनी तत्काळ तोड काढली.

"आणि सोडा?"

सोडा उपासाला चालतो किंवा कसे, या मुद्द्यावर समोरच्या बिऱ्हाडातील वहिनींनाही बोलावणे गेले; आणि तिन्ही घरांतील परंपरा निरनिराळ्या निघाल्यामुळे निकाल राखून ठेवून मंडळींनी चहा घेतला. साखरेचा.